मूकपटातलं पडणं

रविवारी सकाळी आमच्या फिल्म क्लबात जुना मूकपट दाखवत होते. पडद्यावर एक लठ्ठ गृहस्थ दाराला तोरण बांधायला शिडीवर चढले आणि धाडकन आपटले. उठायला गेले, तर पुन्हा कोसळले. हॉल खो-खो हसला, मीही हसलो.

शेजारच्या कमलताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. ते गृहस्थ त्यांचे वडील. म्हणूनच क्लबाने त्यांना बोलावलं होतं.

"खांदा निखळला होता हो बाबांचा," त्या पुटपुटल्या. "कॅमेऱ्याचं हँडल तेव्हा हाताने फिरवायचे. 'मी उठेपर्यंत थांबवायचं नाही,' ही बाबांचीच ताकीद. त्या दिवशी त्यांना उठताच येईना, आणि तो बिचारा कॅमेरावाला फिरवत राहिला. मग काय, प्रत्येक सिनेमात त्यांच्याकडे तेच पडणं मागायला लागले."

"आणि बोलपट आल्यावर?"

"कुणी बोलावलंच नाही. ओरड ऐकू आली असती ना."

मी मागे वळून पाहिलं. पडद्याच्या उजेडात सगळ्यांची तोंडं उघडी होती. आवाज काढून घेतला तर हसणारं तोंड कोणतं आणि ओरडणारं कोणतं, हे मला सांगता येईना. घरीदारी अशी किती उघडी तोंडं पाहून मी बिनघोर हसलो असेन?

तेवढ्यात दुसरा मूकपट लागला. बाबा पुन्हा शिडी चढू लागले आणि हॉल आधीच हसायला लागला. पाय सटकला, त्यांचं तोंड उघडलं.

कमलताईंनी दोन्ही कान गच्च झाकून घेतले.