आज उघडलेलं कुलूप

कुंभारीच्या एका शाळेनं मुलांशी गप्पा मारायला मला बोलावलं होतं. पत्रकार काय करतात ते मुलांना कळावं म्हणून. मुख्याध्यापकांनी फोनवरच बजावलं, "मॅडम, चांगलं चांगलं तेवढं सांगा." बातमीदारीत केस पिकले, पण हे वाक्य ऐकलं की माझं डोकं आजही फिरतं. तरी गेले.

खांद्यावर चादर आली, हातात नारळ आला, भाषणं झाली. मग सातवीच्या वर्गात मी मुलांना दोनच गोष्टी सांगितल्या. आज वेगळं काय घडलं ते लिहा, आणि ज्याच्याबद्दल लिहाल त्याला त्याची बाजू विचारा. तुमच्या बातम्या आपण भिंतीवर लावू.

बहुतेकांनी ‘शाळेत पाहुण्यांचे स्वागत’ असंच काहीतरी खरडलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, ‘आज मुलींचे संडास उघडले.’

"रोज बंद असतं?" मी विचारलं.

"व्हय. कुलूप असतंय. घाण हुतंय म्हणत्यात. आमी पोरी दिवसभर पाणीच पीत न्हाई. आज तुमी येणार म्हणून उघडलंय की."

सोलापूरच्या उन्हात या मुली घसा कोरडा ठेवून बसतात, आणि मघाशी तिथं जाऊन आल्यावर किती स्वच्छ आहे म्हणून मी कौतुकही केलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात वर्गात आलेले मुख्याध्यापक कागद वाचून हसले. "पोरकटपणा आहे. बाकीच्या लावू, ही राहू दे."

"लागतील तर सगळ्या लागतील." मी चादर काढून टेबलावर ठेवली. "नाहीतर हीसुद्धा राहू दे तुमच्याकडेच."

तेवढ्यात ती मुलगी उठली आणि कागद-पेन्सिल घेऊन मुख्याध्यापकांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, तुमची बाजू लिहायची हाय. उद्या उघडं ऱ्हाणार का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या मुलीकडे बोट दाखवलं. प्रश्न तिचा होता, उत्तर तिलाच मिळायला हवं होतं.

"राहील," अखेर ते म्हणाले. "लिही तसं."

तिनं सावकाश लिहून घेतलं. मग मान वर न करताच विचारलं, "आन् परवा?"