पट्टीतले तुकडे

आमच्याकडे कातड्याचं कातरण कधी फेकत नसत. चपला बेतून उरलेले तुकडे वर्षभर पोत्यात साठवायचे आणि पाऊसकाळाआधी नळदुर्गच्या बाजूच्या आमच्या अर्ध्या एकराच्या पट्टीत पुरायचे. माती ते खाऊन टाकायची, ज्वारी तरारून यायची. आजोबांपासूनची ही रीत.

दुष्काळात गावातली जनावरं मेली, ती सोलून झाली, आणि मग कातडंच मिळेना. तेव्हा आमच्या चर्मकारांच्या सोसायटीनं चपलेच्या तळासाठी नवं शीट आणलं. ट्रकच्या जुन्या टायरचा चुरा आणि कारखान्यात वाया गेलेल्या कातड्याचा भुगा एकत्र दाबून ते केलेलं असे. मी सोसायटीत कारकून, घरातला एकटा मॅट्रिक. याचं कातरण पुरायचं का, असं वडिलांनी मला विचारलं. मला विचारलं, याचंच केवढं भूषण वाटलं!

आई म्हणाली, "टायर कुठं कुजतंय व्हय?"

"निम्मं कातडं हाय त्यात. कातडं कुजलं की रबराचा आपोआप भुगा हुतोय," मी ठोकून दिलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

वडिलांनी तीन वर्षं पोतीच्या पोती पुरली.

कातडं तेवढं गेलं. रबर राहिलं, किडक्या दातासारखं भोकं पडलेलं, पण चिवट. कुळवात अडकायचं. ज्वारी वीतभर येऊन पिवळी पडायची. पाऊस परतला तरी आमच्या पट्टीतला दुष्काळ काही हटला नाही. वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत. रोज सकाळी टोपली घेऊन तुकडे वेचायला जात. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. मरेपर्यंत ते वेचत राहिले.

आमच्यात पुरतात. त्यांच्यासाठी त्याच पट्टीत खड्डा खणला, तर फावड्यागणिक तुकडे वर आले. त्यांना आत ठेवून लोक माती लोटायला लागले, तशी आई आडवी आली.

"थांबा. आदी त्ये तुकडे येचा. त्येंच्या अंगावर टाकू नगा."

भर उन्हात सगळी माणसं खाली बसली आणि माती निवडायला लागली, बायका जोंधळे निवडतात तशी. माझ्या मुठीतही एक तुकडा निघाला. वडिलांच्या रापीनं सरळ कापलेली त्याची कड अजून जशीच्या तशी होती. आईनं माझ्याकडे न बघता त्यांची टोपली पुढं सरकवली.