न रडणारी पोर

किल्लीवालीच्या दुकानात दुरुस्तीला आलेली जाडजूड लोखंडी कपाटं भिंतीला लावून उभी असत. बहुतेकांच्या किल्ल्या हरवलेल्या, आणि दार लोटलं की आपोआप खटका पडणारा. म्हणून प्रत्येक दाराच्या फटीत तिनं लाकडाची खपली खुपसलेली. गिऱ्हाईक हसायचं, "कुलपाचं दुकान अन् सगळं सताड उघडं." ती म्हणायची, "तुमचं बंद करून देते ना? मग झालं."

खपलीमागचं कारण तिच्या बापाला ठाऊक होतं. बायको गेल्यावर हा गडी कामाला बसला की रडक्या पोरीला एका मोडक्या कपाटात घालायचा. कुलूप काढलेल्या जागी भोक होतं, तेवढाच काय तो वारा. बाहेरून ठरलेलं यायचं, "रडायची थांबलीस की उघडतो." अंधारात बसून बसून पोरीचे कान असे तयार झाले, की नुसत्या खटक्यावरून ती कुलूप ओळखू लागली. पुढं धंदा त्यावरच उभा राहिला.

मोठेपणी तिनं पोरांसाठी कादंबरी लिहिली. त्यात राक्षस एका मुलीला लोखंडी पेटीत कोंडतो. आईचा आवाज काढून हाका मारतो. मुलगी ओ देत नाही, टिपूस गाळत नाही, म्हणून तिला कुलपांची भाषा कळायला लागते. पुस्तक छापून आलं आणि किल्लीवालीची लेक ठमी ते उशाशी घेऊनच झोपू लागली.

"आई, मला का नाही गं ऐकू येत कुलपातलं?"

"तुझं बरं चाललंय म्हणून," आई म्हणाली आणि कानस घेऊन किल्ली घासत बसली.

एका दुपारी किल्लीवाली बाहेरचं काम उरकून परतली, तर खपल्या जमिनीवर विखुरलेल्या. कपाटं ओळीनं बंद. म्हातारा बाप स्टुलावर. त्याच्या डोक्याचा आता भरवसा नव्हता, हाताची सवय मात्र शाबूत होती.

"आबा, ठमी कुठंय?"

"आत. आपल्या पायानं गेली. मी दारं लावून घेतली."

"कुठल्या कपाटात?"

"रडायची थांबली की उघडीन. पण ही रडेचना. तुझ्यासारखी नाही."

यातल्या एकाही कपाटाला वारा जाईल असं भोक नव्हतं. एकेक उघडत बसायचं तर वेळ पुरला नसता. तिनं लोखंडाला कान लावला. पुढच्याला लावला. सगळं गारढोण.

"ठमे, ओ दे. आई आहे मी."

काही नाही. मग तिच्या लक्षात आलं. पोर ओ देणार नव्हती. आपणच तसं लिहून ठेवलंय.

"ठमे, पुस्तकातलं खोटं आहे. मी रडायचे. घसा बसेस्तोवर रडायचे. विचार आजोबांना."

"रडायची की," म्हातारा म्हणाला. "भोकाला तोंड लावून."

कोपऱ्यातल्या कपाटातून बारीक हुंदका आला, मांजराच्या पिलासारखा. किल्लीवालीनं त्याच्या कुलपात तार घातली, डोळे मिटले आणि खटका चाचपत राहिली. दार सुटलं तेव्हा पोर घामानं निथळत होती, ओठ काळेनिळे.

"मला काहीच ऐकू आलं नाही गं," म्हणाली आणि गळा काढून रडू लागली. आईनं तिला बाहेर ओढून कुशीत घेतलं, गप्प केलं नाही.

म्हातारा उठला. रिकाम्या कपाटाच्या उघड्या राहिलेल्या दारावर त्यानं हात ठेवला, हळूच लोटलं. खट्ट झालं.

"थांबली का ती?" त्यानं विचारलं.