ओला कागद

शेजारी पतंगांसाठी खळ शिजली, की मला परभणीच्या शाळेतली ती दुपार आठवते. राज्य बदललं होतं. हुकमाप्रमाणे मी सकाळभर पुस्तकांतल्या जुन्या राजाच्या चित्रांवर, मग हजेरीपटात, नोकरीतून कमी केलेल्या मास्तरांच्या नावांवर कोरा कागद डकवला होता. मधल्या सुट्टीत मागून आणलेली इंग्रजी कादंबरी उघडली. तिच्यातलं सरकार नकोशी माणसं कागदावरून पुसून टाकायचं. ते काम मुकाट्यानं करणाऱ्या कारकुनाची मला भयंकर चीड आली. तेवढ्यात उर्दूचे म्हातारे मास्तर सही करायला आले. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. “मास्तरसाब, माझं नाव दिसंना की वो. कुठं गेलं?” डकवलेला कागद अजून ओलाच होता. “हेडमास्तरांना विचारा,” म्हणत मी कादंबरीत डोकं घातलं. पुढं ती कितीदा वाचली. त्या कारकुनाला दोष द्यायची हिंमत आजही होत नाही.