भरल्या ओटीनं मिरजेचं नाव

लग्नाचं कार्यालय ठरवायला तुमच्या घरातून किती माणसं गेली होती?

आमच्या घरातून जीप भरून गेली होती. थोरल्या बहिणीचं लग्न होतं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कार्यालयातला एकेक नळ सोडून पाहिला. लाइट गेली तर जनरेटर किती वेळ चालतो, आचारी आयत्या वेळी आला नाही तर दुसरा कोण, पाऊस आला तर पंगत कुठं बसवायची, सगळं त्यांनी मॅनेजरला खोदून खोदून विचारलं. शेवटी तो वैतागला. "आवं काका, लगीन करायचंय का कार्यालय इकत घ्यायचंय?" सगळे हसले. 'शुभ बोला' असं त्या दिवशी आण्णांना कुणीही म्हणालं नाही.

त्याच बहिणीच्या बाळंतपणाचा दवाखाना ठरला तेव्हा तो बघायला कुणीच गेलं नाही.

ताईला कोरेगावला दिलेलं. दाजी फौजेत, सुट्टीपुरते घरी. ताई साताऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडं दाखवायला जायची, आणि मी साताऱ्यात शिकत होते म्हणून बऱ्याचदा तिच्यासोबत असायचे. त्या बाई कमी बोलायच्या. सातव्या महिन्यात त्यांनी ताईच्या पायावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला आणि तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मी नको म्हटलं तरी तुम्ही जाणार. जा. पण बीपी चढायला लागलंय. जिथं बाळंत व्हाल तिथं रक्ताची सोय हवी, आणि लहान बाळांचा डॉक्टर त्याच दवाखान्यात हवा. तुमच्या माहेराहून मिरज बरं पडेल. आधीच जाऊन नाव नोंदवा."

एसटीत ताई खिडकीशी बसली होती. म्हणाली, "तू ऐकलंस न्हवं? घरात तू बी सांग. माझं एकटीचं कोण ऐकायचं न्हाई."

आमचं गाव आटपाडीकडं, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. त्या भागात मिरज हे नुसतं गावाचं नाव राहिलेलं नाही. 'त्याला मिरजेला नेलं' असं कुणी सांगितलं, की ऐकणारा पुढचं विचारत नाही, नुसता चुकचुकतो. विषारी औषध प्यायलेला, ट्रकखाली सापडलेला, काविळीवर गावठी उपाय करून थकलेला, असे लोक मिरजेला जातात. उशिरा जातात, म्हणून त्यांतले बरेच परत येत नाहीत. आणि ते परत येत नाहीत, म्हणून बाकीचे लवकर जायला भितात. मिरजेत सतारी घडतात, तिथं रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी मला ते मरायचं गाव वाटायचं.

माहेरी आल्यावर ताईची ओटी भरली, त्या संध्याकाळी आमच्या सोप्यात बसून तिनं विषय काढला. हिरवी साडी अंगावर होती, ओटीतलं खोबरं अजून मांडीवर होतं.

"आण्णा, मिरजेला नाव घालूया म्हणते मी."

ओटीचे सांडलेले तांदूळ गोळा करणारा आईचा हात तिथंच थांबला. "बया! भरल्या ओटीनं मिरजेचं नाव काढू नको."

"अगं, डाक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"त्या सांगतील. त्यांला काय, चार बुकं शिकल्यात. शुभ बोल जरा."

मी म्हणाले, "आई, मीपण ऐकलंय. बीपी वाढतंय तिचं."

"तुझं लगीन तरी झालंय का गं? चालली बाळंतपण सांगायला."

आण्णांनी आधीच ठरवलं होतं. तालुक्याच्या गावाला एक डॉक्टर होते, पाण्याच्या मोर्चात आण्णांच्या बरोबरीनं चाललेले. माणूस खरंच चांगला. गरिबाला फुकट तपासायचे. आण्णा म्हणाले, "आपला माणूस सोडून परक्याच्या दारात कशाला जायाचं? त्येला काय वाटंल?"

"आण्णा, पर अडलं तर?"

"का अडंल? सगळ्या बायका बाळंत हुत्यात."

ताई हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "मेंढरू असते तर बाजूला काढून राखलं असतं मला," ती म्हणाली. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. गाभण मेंढीचा दिवस जवळ आला की तिला कळपामागं पळवायची नाही, तिच्याजवळ माणूस ठेवायचा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आईनं ताईच्या मांडीवरचं खोबरं उचललं आणि आत नेलं.

आमच्या घरात पोथ्या कमी आणि पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती आण्णांच्या पत्रकांवर. भर सभेत उठून मंत्र्याला 'याचा जाब द्या' म्हणणारा हा माणूस. पण तुमच्या दवाखान्यात रक्त कुठून येतं, एवढं आपल्या डॉक्टर मित्राला विचारायला त्यांची जीभ उचलली नाही. विचारलं असतं तर विश्वास नाही असं झालं असतं. आपल्याकडं परक्याला जाब विचारणं हा धर्म असतो आणि आपल्या माणसाला विचारणं हा अपमान.

ताईनं पुढं आणखी दोनदा विषय काढला. एकदा भाकरी थापताना आईजवळ, एकदा फोनवर दाजींजवळ. दाजी म्हणाले, "माहेरचं बाळंतपण, ते म्हणतील तसं कर. मी हितनं काय सांगू?" त्यानंतर ती बोलायची थांबली. घरातल्यांना वाटलं, पटलं.

एका सकाळी तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं चमकायला लागलं, पाठोपाठ कळा आल्या. आम्ही तालुक्याला पोचलो. डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सिझर करावं लागणार होतं. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या गावात होते, ते निघाले होते. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आण्णा दर गाडीच्या आवाजाला उठून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेवटी ते डॉक्टर धावत आत गेले.

मुलगी झाली. रडली नाही.

दार उघडून आमचे डॉक्टर बाहेर आले. घामानं भिजले होते. "बाळाला मिरजेला हलवा. आत्ताच्या आत्ता. माझ्याकडं श्वास द्यायचं मशीन नाही." त्या दिवशी आमच्या घरातल्या माणसांनी मिरजेचं नाव मोठ्यानं घेतलं. आई घेत होती, आण्णा घेत होते, फोनवर ओरडून घेत होते.

ताईजवळ आईला थांबणं भाग होतं. म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये बाळाबरोबर मी बसले. आण्णा पुढं, ड्रायव्हरशेजारी. नर्स लहानशी रबरी पिशवी दाबून तिला श्वास देत होती आणि मी तिचे पाय माझ्या ओंजळीत धरले होते. गार होते. केस दाट होते, काळेभोर. हनुवटीवर ताईसारखी बारीक खळी होती. वाटेत उसाच्या ट्रॉल्या होत्या. एकेक ट्रॅक्टर बाजूला होत गेला. लोकांनी दुचाक्या रस्त्याखाली उतरवल्या. सगळ्यांनी वाट दिली. रस्त्यानं आमचा काही उशीर केला नाही. उशीर आम्ही घरात बसूनच करून आलो होतो.

मिरजेच्या डॉक्टरांनी बाळ हातात घेतलं आणि विचारलं, "आई कुठं आहे?"

"तिकडंच. तालुक्याला."

"पोटात असतानाच आणायचं होतं हो." रागावून नाही म्हणाले. आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला.

ती दुसऱ्या दिवशी गेली. जिथं ताईला यायचं होतं, त्याच गावात गेली. आण्णांनी तिला मांडीवर घेऊन गावी आणलं. एवढ्या लहान जिवाला आमच्याकडं जाळत नाहीत. शेताच्या बांधाला पुरलं. ताईनं तिला पाहिलंच नाही. टाके ओले होते, बीपी उतरत नव्हतं, आणि 'बघून काय करती, आणखी जीव गुंतंल' असं मोठ्यांनी ठरवलं होतं. हेही मोठ्यांनीच ठरवलं.

ताईला घरी आणल्यावर बायका भेटायला आल्या. एक म्हणाली, "तू वाचलीस न्हवं? मग झालं." दुसरी म्हणाली, "पोरगीच हुती." मी तिला हाताला धरून उठवलं आणि दाराबाहेर सोडलं. मागनं आई मला बोलली, मी ऐकून घेतलं.

मग ताईला दूध आलं. आईनं जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या छातीला घट्ट बांधायला घेतली. ताई ओल्या पोलक्याकडं बघत म्हणाली, "दुधाला कुणी सांगितलंच न्हाई व्हय गं?" आईनं पट्टीची गाठ अर्धवट सोडली आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. रडताना तिचा आवाज येत नव्हता.

आम्ही दोघीच असलो की ताई विचारायची, "कशी दिसत हुती?" मी केसांचं सांगायचे, खळीचं सांगायचे. ती हनुवटीला हात लावून ऐकायची. पायांचं मी अजून सांगितलेलं नाही.

महिना झाल्यावर आण्णांनी पत्रक लिहायला घेतलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळांचा डॉक्टर का नाही, रक्त साठवायची सोय का नाही, आमच्या लेकीबाळी किती वर्षं रस्त्यात सोडायच्या. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"आण्णा, डाक्टर मागा. मागायलाच पायजे. पर मी इचारलं हुतं, आनि तवा तुमी मला काय म्हणलासा, ते बी लिवा की त्यात."

आण्णांनी चष्मा काढला. म्हणाले, "पत्रकात घरातलं लिवत न्हाईत, बाई."

ती आत गेली. पत्रक त्या वाक्यावाचून छापून आलं. गावानं वाचलं, सरकारला शिव्या दिल्या, माना डोलावल्या. घरी जाऊन कुणाला स्वतःकडं बघावं लागलं नाही.

आण्णांवर माझं प्रेम आहे. ते हल्ली सभेत कमी बोलतात आणि शेतात जाताना तो बांध टाळून लांबची वाट धरतात. तरी मी हे लिहिते आहे, कारण ते वाक्य कुठंतरी छापलं गेलं पाहिजे. माझ्या बहिणीला कुठं बाळंत व्हायचं ते ठाऊक होतं. तिनं ते सांगितलं होतं. आम्ही तिला शुभ बोलायला लावलं.

तुमच्या घरात किंवा शेजारात कुणी पोटुशी असेल, तर याच आठवड्यात तिला घेऊन ठरलेल्या दवाखान्यात जा. बाळ रडलं नाही तर इथं कोण आहे, रक्त कुठून आणता, भूल द्यायला कोण येतं आणि किती वेळात येतं, हे तिला स्वतःच्या तोंडानं विचारू द्या. डॉक्टर तुमच्या नात्यातला असला तरी विचारू द्या. उत्तर ऐकून ती नको म्हणाली, तर तिथंच तिला समजवायला लागू नका. तिच्यासोबत बाहेर पडा.