शेजारी शोधणारा डबा

अख्ख्या भाईंदरात माझ्या व्याह्याइतका डोकं फिरलेला माणूस झाला नाही, होणारही नाही. माझी एकुलती एक लेक त्याच्या घरी दिली, इथेच गोडदेवला, दोन बिल्डिंगा सोडून. पण लेकीच्या घरचं पाणी मी पीत नाही. बापाने पाळलं, मीही पाळतो. पाणी नाही तर पाऊलही नाही. माझी खोली तळमजल्याला, चहूकडून बिल्डिंगांनी दाबलेली, फोनला रेंज नाही. आणि लेकीशी बोलायला रस्त्यावर उभं राहणं मला जमायचं नाही.

तर या व्याह्याने वायफायचे जुने डबे जमवून खिडक्या-खिडक्यांत बसवले. मध्ये तार नाही, टॉवर नाही. एका डब्याने ऐकायचं, पुढच्याला सांगायचं, शेवटच्याने माझ्या फोनात बोलायचं. लेक विचारायची, "बाबा, जेवलात?" एवढंच. आवाज जरा तुटला की हा हजर. डबा हातात धरून खोलीभर फिरणार, आरती ओवाळल्यासारखा. आवाज अडतो म्हणून माझं लोखंडी कपाट हलवलं. समोरच्या बाईला खिडकीत ओली गोधडी घालू देईना. ती म्हणाली, "मग तुमच्या डोक्यावर वाळत घालू का?" मधल्या बिल्डिंगमधला शेठ तर डबा बंदच करायचा. "अंकल, इससे मेरा सर दुखता है." हा म्हणाला, "मेरा भी दुखता है, आपको देख के. आपको बंद करूँ क्या?" आणि मागच्या गल्लीतून नवे डबे लावून दुसरी वाट काढली. मला शिकवतो, "व्याहीबुवा, एकावर भरवसा ठेवायचा नाही. एक रुसला तर दुसऱ्याकडनं निरोप गेला पाहिजे."

मी म्हटलं, "डबे बोलतायत. जिन्यात माणसं तोंड फिरवतात, त्यांचं काय करताय?"

मग लेकीच्या सासरची बिल्डिंग धोकादायक ठरली. सगळे खाडीपलीकडे, नायगावला गेले. जायच्या आधी, आवाज खाडीपलीकडे फेकायला म्हणून, तेलाचा पत्र्याचा डबा कापून हा आमच्या गच्चीत खाडीकडे तोंड करून उभा. सोसायटीवाल्यांनी खाली उतरवलं. डब्यालाही आणि त्यालाही. निघताना माझ्या खिडकीतला डबा दाखवून म्हणाला, "हा बंद करू नका, शेजारी शोधत राहतो तो." दारातून परत वळला. "व्याहीबुवा, पाणी नका पिऊ. पण या."

आता डब्यावरचा दिवा लालच लुकलुकतो. शेजारी काही सापडत नाही त्याला. मी बंद करत नाही. नायगावचं पाणी मचूळ आहे म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात. प्यायल्याशिवाय कसं कळायचं?