चाकाखालचा दगड

पवनानगर ते लोणावळा या रस्त्यावर जेवढे म्हणून ड्रायव्हर आहेत, त्यांतल्या निम्म्यांना आमच्या आबांनी गाडी शिकवली आहे आणि उरलेल्या निम्म्यांना शिव्या घातल्या आहेत. शिकवलेल्यांनाही शिव्या चुकल्या नाहीतच, पण त्या शिकवणीतच धरायच्या असं आबांचं म्हणणं. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. पस्तीस वर्षं त्यांनी याच रस्त्यावर वडापची जीप चालवली. पुढे ड्रायव्हर धरून पाच माणसं, मागे किती ते विचारायचं नाही, आणि स्वतः आबा निम्मे दाराबाहेर. जीप त्यांनी जुनी घेतली तेव्हाच तिचा हॅन्डब्रेक गेलेला होता आणि शेवटपर्यंत तो गेलेलाच राहिला. त्यामुळे चढाला थांबायची वेळ आली की मागच्या चाकाखाली लावायला एक दगड लागायचा. हा दगड म्हणजे आबांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, फुटक्या पाट्याचा तुकडा. काळा, तिकोनी आणि एका अंगाने घासून गुळगुळीत झालेला. जीप भंगारात गेली, दगड राहिला. तो रेशनच्या पिशवीत घालून, पिशवी काखोटीला मारून आबा एका रविवारी सकाळी कुसगावला माझ्या दारात उभे राहिले आणि चहा पिण्याआधी म्हणाले, "सूनबाई, चावी आण."

चावी कुठे आहे हे मला माहीत होतं. फ्रिजवरच्या गणपतीमागे. माझ्या नवऱ्याने गाडी दसऱ्याला घेतली आणि संक्रांतीच्या आठवड्यात तो गेला. सकाळी दूध आणायला खाली उतरला आणि जिन्यातच बसला, एवढंच झालं. नंतर जवळजवळ वर्षभर गाडी पार्किंगमध्ये आच्छादनाखाली उभी होती आणि मी तिच्याकडे न बघता शाळेत जायचे. मुलगा बंगळुरूहून फोनवर सांगायचा, "आई, विकून टाक. शिकायचंच असेल तर बिनगिअरची घेऊ, तुला सोपी पडेल." मला ही गाडी विकवत नव्हती आणि चालवताही येत नव्हती. सीट अजून त्याच्या उंचीला सरकवलेली होती. आबांनी आच्छादन ओढून काढलं, दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत खालचा दांडा ओढून सीट खटकन पुढे घेतली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्यांनी ती नसती सरकवली तर मी जन्मात सरकवली नसती.

ड्रायव्हिंग स्कूलचं नाव काढलेलं आबांना खपत नसे. "तितं मास्तराच्या पायाखालीबी ब्रेक असतोय. तोच चालीवतोय, तू नुसती बसून यायचीस." म्हणून आमची शाळा भरली ती कार्ल्याजवळ, आबांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या भात कापून झालेल्या खाचरात. "हितं बंद पडली तर मागनं कुणी हॉर्न मारत न्हाई," असं त्यांनी या जागेचं महत्त्व सांगितलं. गाडीत बसायच्या आधी चपला काढायच्या, देवळात काढतात तशा, बाहेर शेजारी शेजारी. क्लच हा तळपायाला कळावा लागतो, चपलेला कळून उपयोग नाही. गिअरकडे बघायचं नाही. "ताटातला घास तोंडात घालताना बघतीस का तोंड कुटं हाय?" आणि वाटेत कुठलंही देऊळ आलं की एक बारका हॉर्न द्यायचा. मावळात देवळं किती आहेत ते त्या हिवाळ्यात मला कळलं.

पण सगळ्यात मोठा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. सुनेला वावगं बोलायचं नाही. आता शिकवायचं तर बोलल्याशिवाय भागत नाही, आणि मी तर पहिल्या दिवशी अकरा वेळा गाडी बंद पाडली. मग आबांनी तोड काढली. मी चुकले की ते गाडीला बोलायचे. मी क्लच सटकन सोडला, गाडी बेडकासारखी उडी मारून गप्प झाली, की डॅशबोर्डाकडे बघत ते म्हणायचे, "अगं बये, काय घाई होती का तुला? कुटं लग्नाला चाललीस?" मी दुसऱ्याऐवजी चौथा टाकला की, "हिला मोजायलाबी शिकवलं न्हाई कुणी." मी मराठीची शिक्षिका, वीस वर्षं पोरांच्या चुका काढत आलेली. शेजारी बसून एक म्हातारा निर्जीव गाडीला माझ्या वाट्याचं बोलतोय आणि मी मान खाली घालून ऐकतेय, हे माझ्या वर्गाने बघितलं असतं तर मला शाळा सोडावी लागली असती.

हे सगळं आबा का करत होते, ते त्यांनी तिसऱ्या रविवारी सांगितलं. खाचराच्या बांधावर बसून आम्ही भाकरी खात होतो. त्यांना काचबिंदू झाला होता. तळेगावच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं होतं. गेलेली नजर येणार नाही, आहे ती औषधाने टिकेल तेवढी टिकेल. त्यांचा परवाना अजून दोन वर्षं चालणार होता, डोळे चालतील याची खात्री नव्हती. "तर माझं एक काम हाय," आबा म्हणाले. "पस्तीस वर्षं त्या खिंडीतनं गाडी काढली, सूनबाई. दुधिवऱ्याच्या. लोक थांबून थांबून धरणाचं पाणी बघत्यात, फोटू काढत्यात. मी काय ते बघितलं न्हाई."

मला आधी हसू आलं. धरणाच्या भिंतीखालच्या गावात जन्म काढलेला माणूस, म्हणे पाणी बघितलं नाही. "काठावरनं बघितलंय की," ते म्हणाले, "पाय धुतलेत, जीप धुतलीय. वरनं न्हाई बघितलं. ड्रायव्हरनं रस्त्याकडं बघायचं असतं. आन डावीकडं कायम चार माणसं कोंबलेली. पाणी त्यांच्यापल्याड." मग दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जाताना का नाही बघितलं, असं मी विचारलं. माझ्याकडे यायला दर रविवारी ते त्याच खिंडीतून दुसऱ्याच्या जीपने यायचे. आबांनी नकारार्थी मान हलवली. दुसरा चालवत असला की त्यांची नजर रस्त्यावरून हलायची नाही आणि पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आता जीप चालवणारी पोरं एका हाताने मोबाईल बघत चढ चढतात. बाहेर बघावं असा भरवशाचा ड्रायव्हर त्यांना एकच मिळाला होता, अठराव्या वर्षी त्यांच्याच हाताखाली शिकलेला पुतण्या, म्हणजे माझा नवरा. गाडी घेतल्या दिवशीच त्याने शब्द दिला होता, "आबा, तुम्ही डावीकडे बसायचं आणि नुसतं पाणी बघायचं." मग दिवाळी आली, मग ऑफिसचं काही आलं. पुढच्या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं चाललं होतं.

"त्यानं सांगितलेलं तू कर," आबा म्हणाले. "पर घाई न्हाई. ज्या दिवशी चढाला गाडी दगडाला टेकणार न्हाई, त्या दिवशी तू ड्रायव्हर. मग जाऊ."

घाई नाही असं ते म्हणाले, पण घाई होती आणि ती आम्हा दोघांनाही ठाऊक होती. आबांच्या घराच्या ओट्यावरून तिकोना दिसतो. रोज सकाळी उठून ते तो किल्ला तपासायचे आणि रविवारी मला अहवाल द्यायचे. "आज समदा दिसला." "आज टोक झ्याक दिसलं, खालचं जरा गेलं." मी मात्र चढाला भ्यायचे. सपाटीवर मला सगळं जमू लागलं. मे महिन्यात मी परवान्याची परीक्षाही पास झाले, कारण साहेबांनी ती मैदानात घेतली. सरकारने मला ड्रायव्हर मानलं, आबांनी नाही. कुसगावच्या चढावर ते मला थांबवायचे, खाली उतरून मागच्या चाकामागे चार बोटं सोडून दगड ठेवायचे आणि म्हणायचे, "निघ." मी हॅन्डब्रेक सोडायचे, क्लच कुठे पकडतो ते कळायचं नाही, गाडी मागे यायची आणि दगडाला टेकायची. तो टेकल्याचा आवाज फार बारीक असतो, पण मला तो इंजिनाच्या आवाजातही ऐकू यायचा.

मेच्या शेवटच्या रविवारी गाडी टेकली आणि दगड सरकला. मागे पर्यटकांची भलीमोठी गाडी उभी होती, तिने कर्कश हॉर्न लावला. मी घाबरून सगळंच सोडलं. आबा वाकून दगड पुन्हा लावायला गेले ते अंदाजाने, कारण बाजूचं त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि चाक त्यांच्या हातापासून वितीवर येऊन थांबलं. त्यांनी उठून दगड पिशवीत घातला आणि पिशवी गाडीतच ठेवली. गाडीलासुद्धा बोलले नाहीत. मी घरी येऊन आच्छादन घातलं आणि चावी गणपतीमागे ठेवली.

नंतर पाऊस लागला. आबा दर रविवारी सकाळी फोन करायचे, "येऊ का?" आणि मी म्हणायचे, आबा, पेपर तपासायचेत. आबा, रस्ता निसरडा झालाय. आबा, गर्दी फार आहे, भुशी धरणाला लोक आलेत, पुढच्या रविवारी बघू. ते म्हणायचे, "बरं, बरं." जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चार महिने मी एका म्हाताऱ्या माणसाला पुढच्या रविवारचा वायदा केला, आणि माझ्या नवऱ्याचे तेच शब्द माझ्या तोंडून येत आहेत हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

भाऊबीजेनंतर मी एसटीने त्यांच्या गावी गेले. आबा ओट्यावर बसले होते. काकूंनी चहाची कपबशी पुढे ठेवली आणि आबांचा हात तिच्या शेजारून जमीन चाचपत गेला. काकूंनी कप त्यांच्या हातात दिला, रोजचं असल्यासारखा. मी विचारलं, "आबा, तिकोना?"

"हाय की तितंच," आबा म्हणाले. "त्यो कुटं जातोय."

त्या दिवशी परत येताना एसटीत मी खूप रडले. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या आधी, पहाटेचं फटफटल्यावर, मी एकटी कुसगावच्या चढावर जायला लागले. चपला काढायच्या, उतरून दगड लावायचा, आत बसायचं, निघायचं, टेकायचं. पुन्हा उतरायचं. दूधवाले बघून जायचे. क्लच अर्ध्यावर आला की इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडीचं नाक हलकं वर येतं, हे आबांनी शंभर वेळा सांगितलेलं मला सोळाव्या दिवशी तळपायाला कळलं. गाडी क्षणभर क्लचवरच धरली, हॅन्डब्रेक ओढला, उतरून बघितलं तर दगड आणि चाक यांच्यात चार बोटं तशीच होती.

डिसेंबरात मी एकटी गाडी घेऊन आबांच्या दारात गेले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, डावीकडे बसले. काकू मागे बसल्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीत दगड. आम्ही लोणावळ्याच्या दिशेने निघालो. प्रत्येक देवळाला मी बारका हॉर्न दिला. खिंडीचा चढ लागला आणि ऐन वळणावर पुढे सहलीची एक बस अडकली. मला थांबावं लागलं. मागे रांग लागली. काकूंनी पिशवी उचलून दाराला हात घातला, तसे आबा मागे न वळता म्हणाले, "बस तू. राहू दे."

बस हलली. मी क्लच अर्ध्यावर आणला, आवाज खाली बसला, हॅन्डब्रेक सोडला. गाडी तसूभरही मागे आली नाही. दोन वळणं पुढे जाऊन मी शेजारी बघितलं. आबांचं तोंड खिडकीकडे होतं. पाय मांडी घालून वर घेतले होते. माझ्या शेजारी बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी रस्ता सोडून दिला होता.

"शाबास बये," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "गाडीला न्हाई, तुला म्हणतोय. पाणी लागलं का?"

"लागलं, आबा."

"कसं हाय?"

वीस वर्षं मी फळ्यावर वर्णनात्मक निबंधाचे मुद्दे लिहून देत आलेय. त्यांतला एकही मला आठवेना. "निळं आहे," मी म्हणाले.

"निळं असतंय व्हय," आबा म्हणाले. "मला वाटायचं वरनं हिरवं दिसत असंल." खिंड संपेपर्यंत त्यांनी तोंड तिकडून वळवलं नाही. मे महिन्यात त्यांना ते दिसलं असतं. निदान मधलं तरी दिसलं असतं. मी भ्याले म्हणून ते राहिलं, आणि आबांनी मला त्याबद्दल आजवर एक शब्द ऐकवलेला नाही. सुनेला बोलायचं नाही हा नियम त्यांनी या बाबतीतही पाळला. त्यांनी तो मोडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मी जवळजवळ दर रविवारी त्यांना घेऊन जाते. चालवताना बघता येत नाही, ते खरंच आहे. म्हणून खिंडीच्या अलीकडे जागा बघून मी गाडी कडेला घेते, हॅन्डब्रेक ओढते, तरी उतरून मागच्या चाकाखाली दगड ठेवते, कारण त्याशिवाय आबांना स्वस्थ बसवत नाही. मग कठड्यापाशी उभी राहून नीट बघते आणि येऊन सांगते. मागच्या रविवारी सांगितलं, "उन्हाळ्याने पाणी खूप खाली गेलंय आबा, कडेने लाल माती उघडी पडलीय."

"मग आज हिरवं असंल," आबा म्हणाले.

मी पुन्हा कठड्याशी जाऊन बघितलं. हिरवंच होतं.